माणसं खाली, हत्यारं खाली

सबस्टेशनात ती ऑपरेटर होती. फोन वाजला की आधी आवाज ओळखायची, मग बोलायची. त्या खोलीची रीतच तशी.

सकाळी वाऱ्याने फांदी तारेवर पडली आणि पूर्वेकडच्या वस्तीला वीज नेणारा फीडर बंद पडला. लाइनमन मामांनी फोन करून परमिट घेतलं. मामा नात्याने कुणाचेच नव्हते, पण अख्ख्या खात्याचे मामा. परमिट म्हणजे शब्द : मी खांबावर चढतोय, मीच माझ्या तोंडाने सांगेपर्यंत वीज सोडायची नाही. तिने वीज सोडायच्या-तोडायच्या ब्रेकरच्या मुठीवर लाल पाटी अडकवली.

तिचं घरही त्याच फीडरवर. दुपारी घरी बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंचा फोन आला.

"अगं, पिल्लूची छाती घरघरतेय. वाफेची वेळ झाली आणि मशीन मुकं बसलंय. तूच ना गं वीजवाली? सोड की आपल्यापुरती!"

"आई, तो काय नळ आहे आपल्यापुरता सोडायला? उभा धरा त्याला, पाठीवरून हात फिरवा. घरघर वाढली तर सरळ रिक्षा करून दवाखाना गाठा."

बोलली खरी, पण फोन हातातच धरून राहिली.

तेवढ्यात मामांच्या जोडीदाराचा फोन. त्याला सगळे घाईमहाराज म्हणत.

"झालं, ताई! तार जोडली, जमिनीला जोडलेलं अर्थिंगही काढलं. सोडा लाइट."

"मामांना दे."

"मी सांगतोय ना! इथे लोक माझं डोकं खातायत."

"खाऊ देत, फारसं काही हाती लागायचं नाही त्यांच्या. मामांचा आवाज हवा."

फोन ठेवून ती ब्रेकरसमोर उभी राहिली. दूर कुठे धरणाचं पाणी कोसळून चाकं फिरवत होतं. तिथली वीज मनोऱ्यांवरून डोंगर ओलांडून इथवर आली होती आणि तिच्या हाताशी अडून बसली होती. मूठ एकदा फिरवली की पिल्लूला वाफ. तिने हात पाठीमागे बांधले.

पुन्हा सासूबाई. "रिक्षा बोलावू?"

"बोलवा," ती म्हणाली.

मग मामांचा धापा टाकणारा आवाज आला. "पोरी, पक्कड वर राहिली होती, ती आणायला परत चढलो होतो. आमचे महाराज पाठमोरे, त्यांना पत्ताच नाही. आता ऐक. माणसं खाली, हत्यारं खाली, अर्थिंग सुटलं. लाइन तुझी."

"मामा, परत म्हणा."

"का गं, ऐकू नाही आलं?"

"आलं. तरी म्हणा."

मामांनी लहान मुलाला घास भरवावा तसं एकेक करून पुन्हा सांगितलं. तिने पाटी काढली, मूठ फिरवली. मीटरचा काटा वर चढला.

घरून फोन आला तेव्हा सासूबाई बोलल्याच नाहीत. त्यांनी फोन मशीनजवळ धरला होता. मशीनची घूंघूं, आणि तिच्याही वर पिल्लूचं मास्क झुगारणारं खणखणीत रडणं. इतकं गोड रडणं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"दम आहे हो गड्याच्या छातीत," सासूबाई म्हणाल्या. "दारात रिक्षावाला आलाय, त्याला काय सांगू?"

"चहा पाजा त्याला," ती डोळे पुसत म्हणाली, आणि तिने मामांना फोन लावला.

"मामा, बाळाला वाफ मिळाली. उपकार झाले तुमचे."

"कसले?"

"खाली उतरल्याचे."



"पोरी, तू थांबलीस तेव्हा तार माझ्या खांद्याला टेकली होती. आता कुणी कुणाचे उपकार मानायचे, ते तूच ठरव. आणि बाळाचा एक पापा घे, माझ्या वाटचा."