चष्मा तुमच्या घरी लागला

वृंदाने आपल्याला पाहताक्षणी पसंत केले, यावर हेमचंद्र कर्णिकांचा ठाम विश्वास होता. अंबरनाथच्या कारखान्यात इतकी वर्षे अधिकारी म्हणून काढली, तिथे पाहताक्षणी पसंत करणारे दुसरे कोणी त्यांना भेटले नव्हते. म्हणून या गोष्टीचे त्यांना अप्रूप अधिक.

निवृत्तीनंतर त्यांना छंद जडला तो जाहिरातींच्या जुन्या कार्डांचा. कॅमेऱ्याचे विक्रेते आणि फोटो स्टुडिओवाले पूर्वी पोस्टकार्डांवर जाहिराती छापून घरोघर धाडत, ती ते जमवत. एका कार्डावर रांगणारे बाळ आणि खाली ‘आजच टिपा, उद्या ते पळेल!’ दुसऱ्यावर नऊवारीतल्या आजींच्या हातात कॅमेरा: ‘वापरायला इतका सोपा!’ आजींच्या चेहऱ्यावरून मात्र तसे वाटत नव्हते. कोपरा चिकटवलेले कार्डसुद्धा ‘हे अस्सल नव्हे’ म्हणून ते परत करीत.

उद्या अंबरनाथच्या वाचनालयात या कार्डांचे प्रदर्शन भरायचे होते. म्हणून आज ते उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या ओळखीच्या सिंधी रद्दीवाल्याकडे अखेरची चक्कर मारायला गेले.

“बंद पडलेल्या स्टुडिओचा माल आहे, साईं. तुमच्यासाठीच ठेवलाय,” असे म्हणत त्याने एक कार्ड पुढे केले.

कार्डावर एकाच मुलीचे दोन फोटो होते. पहिल्यात तिला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, खाली ‘पहले’. दुसऱ्यात चष्मा नाही, आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नाकावरचे वळही पुसून टाकलेले. खाली ‘बाद में’. त्याखाली ठळक अक्षरांत ‘चश्मा हटाइए, रिश्ता पाइए!’

हाच दुसरा फोटो लग्नापासून हेमचंद्रांच्या पाकिटात होता.

“क्या हुआ, साईं? ओळखीची आहे?”

“बायको आहे माझी.”

रद्दीवाल्याने कार्डाकडे पुन्हा एकदा निरखून पाहिले. “पहलेवाली की बादवाली?”

कार्डाचे पैसे देऊन हेमचंद्र घरी आले. घरचा अधिकृत इतिहास असा, की वृंदाला चष्मा लागला तो लग्नानंतर, कर्णिकांच्या स्वयंपाकघरातल्या मिणमिणत्या दिव्यामुळे. “चष्मा तुमच्या घरी लागला,” हे ऐकून ऐकून अपराधी झालेल्या हेमचंद्रांनी तिथे इतक्या ट्यूबलाइट बसवल्या होत्या, की पोळीवरचा प्रत्येक डाग मोजता येई.

त्यांनी कार्ड ओट्यावर ठेवले.

“अगंबाई!” वृंदाताई हसतच सुटल्या. “मेल्या स्टुडिओवाल्यानं छापलं होय हे?”

“वृंदा, म्हणजे हा चष्मा माहेरचा?”

“शाळेपासूनचा.”

“आणि माझ्या ट्यूबलाइट?”

“असू द्यात की. उजेड पडतो छान.”

हेमचंद्र खुर्चीत बसले. खरा प्रश्न पुढेच होता. “मग मी तुला बघायला आलो, तेव्हा तुला काय दिसलं?”

“तीन पांढरे शर्ट दिसले. त्यातला एक तुमचा असणार, इतकं कळत होतं.”

“आणि तरी होकार दिलास?”

“तुमच्या आत्याबाई म्हणाल्या, जरा चालून दाखव. मधे टीपॉय होतं, ते नेमकं कुठे ते दिसेना. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, ‘आत्या, आपण बैल घ्यायला आलोय का?’ सगळे हसले आणि माझं चालणं वाचलं. मी तेव्हाच ठरवलं. म्हणाला होतात ना?”

ते वाक्य मधूचे होते. हेमचंद्रांचा हा मावसभाऊ त्या दिवशी त्यांच्या शेजारीच बसला होता. आत्यापुढे हेमचंद्र खोकलादेखील दाबून धरीत.

“हो... म्हणालो खरा,” असे पुटपुटून ते गॅलरीत गेले आणि त्यांनी बदलापूरला फोन लावला.

“मधू, उद्या ऊन फार आहे रे. नाही आलास तरी चालेल.”

“हेमू, एक स्टेशन तर यायचंय! तुझ्या प्रदर्शनासाठी नवा शर्ट घेतलाय, पांढरा!”

“पांढरा नको!” हेमचंद्र ओरडले.

“येऊ द्या की भावजींना,” मागून आवाज आला. वृंदाताई दारात उभ्या राहून पदराने चष्मा पुसत होत्या. “कधीचंच कळलंय मला. लग्नाला महिना झाला नव्हता. आत्याबाईंनी तुमच्या पानात तिसऱ्यांदा कारलं वाढलं आणि तुम्ही मुकाट्यानं खाल्लंत. हा माणूस त्यांना बैलाचं बोलेल?”

हेमचंद्रांनी फोन ठेवला. “मग तू काही बोलली का नाहीस?”

“काय बोलायचं? तोवर माझा चष्मा माहेरहून आला होता.” त्यांनी तो डोळ्यांवर चढवला. “नीट बघून घेतलं तुम्हाला. म्हटलं, असू दे. बरा आहे.”