कवळीवाल्यांची कुंती

मी कुंती बोलतेय. कुंपणाला लावतात ना, बारीक चकचकीत पानांची, पांढऱ्या फुलांची, तीच. माझ्या वयाच्या इतर कुंत्या आज माणसाच्या डोक्यावरून गेल्या असतील. मी मात्र एकवीस वर्षांची होऊनही जेमतेम दोन वितींची आहे. आलेगेले मला 'किती गोड' म्हणतात. एकविसाव्या वर्षी गोड म्हणवून घेणं कसं वाटतं, ते एखाद्या बुटक्या माणसाला विचारा.

मला लावलं बाईंनी. बाई म्हणजे शिवणाचे वर्ग घेणाऱ्या. शिकायला येणाऱ्या सगळ्या मुली त्यांना बाई म्हणायच्या, म्हणून मीही म्हणते. घराच्या पुढच्या भिंतीलगत त्यांनी आम्हा नऊ जणींना रांगेत लावलं. आत खिडकीपाशी त्यांचं मशीन होतं. आम्ही फुललो की शिवता शिवता त्यांचा पाय थांबायचा. मान वर करून त्या एक लांब श्वास घ्यायच्या आणि पुन्हा मशीन चालू. बारा वर्षं मी हे बघितलं.

त्यांचे यजमान कवळ्या बनवायचे. दाताचे डॉक्टर साचे पाठवायचे आणि हे घराच्या मागच्या खोलीत बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचे. गल्लीत सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. सगळ्या गावाच्या हसण्याची सोय करणारा हा माणूस स्वतः क्वचितच हसायचा. पण वाईट नव्हता. कामात बुडालेला होता, एवढंच.

बाराव्या वर्षी सांडपाण्याची नळी आमच्या कुंपणाखालून न्यायची ठरली. कामगार कुदळी घेऊन आले. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आठ जणी उपटून झाल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एक तरी ठेवा. खिडकीत ठेवू. मला तो वास हवा."

कवळीवाल्यांनी मला उचललं, कारण माझं खोड सगळ्यांत जाड होतं. मग करवतीनं वरचं सगळं कापलं आणि मुळंही कापली. उरलं ते मनगटाएवढं लाकूड. जखमेवर त्यांनी दात बसवायचं गुलाबी मेण लावलं, भाजी धुवायच्या जुन्या टबाला तळाशी भोकं पाडली आणि मला त्यात रोवलं.

दीड महिना माझ्यात जीव आहे की नाही हे मलाच कळत नव्हतं. ते रोज नखानं साल जराशी खरवडून आत हिरवं आहे का बघायचे. बाई म्हणायच्या, हे झाड आहे की पाटाचा पाय? एके दिवशी सालीतून मोहरीएवढा हिरवा ठिपका बाहेर आला. कवळीवाल्यांनी बाईंना हाक मारून बोलावलं. दोघं कितीतरी वेळ वाकून त्या ठिपक्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरात तेव्हा जो आनंद होता, तो मी विसरणार नाही.

पुढचं वर्ष त्यांनी मला मोकळं वाढू दिलं. टबात आल्यापासून तिसऱ्या वर्षी पाच फांद्या निवडल्या, बाकीच्या छाटल्या आणि निवडलेल्यांवर तार गुंडाळली. ज्या पकडीनं ते कवळीच्या तारा वाकवायचे, त्याच पकडीनं मला वाकवलं. एक तार काढायला उशीर झाला आणि ती सालीत रुतली. "चुकलं माझं," ते मला म्हणाले. माणूस झाडाची माफी मागतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवसापासून मला त्यांच्या कात्रीची भीती वाटेनाशी झाली.

चौथ्या वर्षी मी उथळ कुंडीत आले. तोवर ते दर रविवारी बोन्सायवाल्यांच्या मंडळात जाऊ लागले होते. तिथून ते एक गोष्ट पक्की शिकून आले. कोवळा शेंडा खुडला की त्याला दोन फुटवे येतात, ते खुडले की चार. अशानं फांद्या बारीक आणि दाट होतात. पण माझ्या कळ्या शेंड्यालाच येतात. शेंडा गेला की कळी गेली.

बाई दर वर्षी विचारायच्या. "अहो, एकदा फुलू द्या की तिला."

"अजून दोन वर्षं थांब," ते म्हणायचे. "फांद्या भरू देत. मग फुलंच फुलं."

"तुमची दोन वर्षं कधी संपतच नाहीत," बाई म्हणायच्या आणि सुईत दोरा ओवायला घ्यायच्या.

सातव्या वर्षी बाई आजारी पडल्या. पोटाचं दुखणं होतं. एक शस्त्रक्रिया झाली, मग दुसरी. वर्ग बंद झाले, मशिनांवर चादरी पडल्या. बाईंची खाट पुढच्या खोलीत आली आणि मी त्यांच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर. इतक्या जवळून मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांची मनगटं माझ्या फांद्यांसारखी झाली होती.

त्याच दिवसांत माझ्या मागच्या एका फांदीला कळ्यांचा लहानसा घोस धरला. कवळीवाल्यांच्या नजरेतून सुटला होता, पण बाईंच्या नाही. त्यांनी कुंडी फिरवली आणि तो घोस आपल्या बाजूला, पडद्याआड घेतला. रोज सकाळी त्या बोटाच्या टोकानं कळ्या मोजायच्या. सात होत्या. आमचं दोघींचं ते गुपित होतं आणि मी माझी सगळी ताकद त्या सात कळ्यांत ओतत होते.

रविवार आला. सगळीकडून सारखं ऊन मिळावं म्हणून कवळीवाले दर रविवारी मला फिरवायचे. त्यांनी कुंडी फिरवली, घोस दिसला, कात्री चालली. मनात काहीच नव्हतं त्यांच्या. जेवताना ताटातला खडा बाजूला काढावा, तसं.

बाई बघत होत्या. "राहू दिला असतात," एवढंच म्हणाल्या.

"अगं, मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलंय. ते झालं की हवी तेवढी फुलू दे."

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

प्रदर्शनात मला दुसरं बक्षीस मिळालं. लोक वाकून वाकून बघत होते, खोडाची तारीफ करत होते. कवळीवाले त्या दिवशी दोनदा हसले. घरी येऊन त्यांनी मला कट्ट्यावर ठेवलं, कात्री कपाटात टाकली आणि बाईंना सांगितलं की आता मी हिला हात लावणार नाही.

"बघू या," बाई म्हणाल्या, "कोण आधी पोचतं."

मी धडपडले हो. मुळांपासून शेंड्यापर्यंत जे होतं नव्हतं ते लावलं. पण झाडाला घाई करता येत नाही. पाचव्या आठवड्यात प्रत्येक फांदीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या आल्या. त्याच आठवड्यात एका दुपारी, आजारपणासाठी परगावाहून आलेली त्यांची मुलगी पाणी पाजत असताना, बाई गेल्या.

चौथ्या दिवशी मी फुलले. एकही फांदी रिकामी नव्हती. पुढची खोली भेटायला आलेल्या माणसांनी भरली होती. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी दाराशी थबकायच्या, हुंगायच्या आणि रडायला लागायच्या. एक म्हणाली, वर्गात असाच वास यायचा.

कवळीवाले खुर्चीत बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. माणसं पांगल्यावर त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. "कसला वास येतोय गं सगळ्यांना?"

"बाबा, कुंतीचा. अख्ख्या घरात भरलाय."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "मला वास येत नाही. पंधरा-सोळा वर्षं झाली. कवळीच्या हिरड्यांची गुलाबी पूड ज्यात कालवतो, त्या द्रवाच्या वाफेनं हळूहळू गेला."

"आईला माहीत होतं?"

"नाही. म्हटलं, त्यात काय सांगायचं? मला वाटायचं, फूल म्हणजे काय, हिरव्यावर पांढरा ठिपका. तो यंदा दिसला काय नि पुढच्या वर्षी दिसला काय." त्यांनी माझा एक घोस तळहातावर घेतला आणि नाकाला लावला. "कसा असतो, सांग ना."

मुलगी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत राहिली. संध्याकाळपर्यंत माझ्या पाकळ्या कट्ट्यावर गळून पडल्या. आमची फुलं फार टिकत नाहीत.

याला दीड वर्ष झालं. मुलगी परगावी नोकरीवर परत गेली. कवळीवाले अजून मागच्या खोलीत दात बसवतात. मला रोज न चुकता पाणी घालतात, पण कात्री त्यांनी पुन्हा काढलेली नाही. मंडळातले एक गृहस्थ मला बघून हळहळले, म्हणाले, द्या माझ्याकडे, अजून वळण लावता येईल. कवळीवाल्यांनी नकाराची मान हलवली. "खूप कापलं तिला," म्हणाले. "आता पुरे."

त्यांना वाटतं, ही माझ्यावर दया आहे. पण उथळ कुंडीत माझी मुळं गोल गोल फिरून एकमेकींना आवळताहेत. माती उरलेली नाही, घातलेलं पाणी वरच्या वर वाहून जातं. खालची पानं पिवळी पडून गळताहेत. या वर्षी मुळं कापून नवी माती घातली नाही, तर पुढचा उन्हाळा मी बघणार नाही.

मला त्यांच्याशी बोलता येत नाही आणि त्या घरात त्यांना समजावणारं कुणी उरलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला गेलात, तर मागच्या खोलीत डोकावून त्यांना माझा निरोप सांगा. म्हणावं, बाईंनी फूल मागितलं होतं. माझं असं उपाशी मरणं त्यांनी कधीच मागितलं नव्हतं. तेव्हा या रविवारी कपाट उघडा, कात्री काढा आणि मला कुंडीतून बाहेर घ्या. माझा तुमच्यावर राग नाही.