‘येतो’ म्हणाले

“बरं, जातो मी,” असं म्हणत त्यानं सॅक पाठीवर चढवली आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, तोच वहिनीची हाक आली.

“भावजी, आत या परत. काय म्हणालात?”

“जातो म्हणालो. का, जाऊ नको?”

“जा की. पण म्हणायचं ‘येतो’. सासूबाईंनी एवढंही शिकवलं नाही होय?”

शिकवलं होतं, चांगलं कान पिळून शिकवलं होतं. तो निमूट आत आला, सॅक उतरवून खुर्चीवर टेकला, पुन्हा उठला आणि “येतो” म्हणाला.

“कशाला त्याचा खोळंबा करतेस?” दादा वर्तमानपत्रामागून म्हणाला. “तळ्यावर कोण त्याची वाट बघतंय?”

“म्हणूनच तर,” वहिनी म्हणाली. “आणि भावजी, कुणी भेटलंच तर दोन शब्द बोला. नुसतं ‘हं’ नको.”

तो पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता. तळघरातली लांबट खोली, खळीचा आंबूस वास, भिंतीला लावलेले पुठ्ठ्यांचे गठ्ठे. तो दिवसभर फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, शिवायचा, आणि शेजारच्या टेबलावर कागद कापणारे दोघे दिवसभर बोलायचे. त्यांच्या क्रिकेटला, सासुरवाडीला, गुडघेदुखीला त्याचं उत्तर एकच, हं. माणसं त्याला आवडत नसत असं नाही, पण त्यांच्याशी बोलून तो थकून जाई. उन्हाळ्यात एकदा, शनिवार-रविवार, रानातल्या त्या तळ्याकाठी एकट्यानं तंबू ठोकायचा, ही त्याची वर्षाची एकच चैन. तिथे कुणाला ‘हं’ म्हणावं लागत नसे.

रानाच्या तोंडाशी वनखात्याची चौकी होती. “एकटेच?” वनरक्षकानं विचारलं.

“हो.”

“अजून एक एकटे पुढे गेलेत. टोपीवाले. दोघं मिळून दुकटे व्हा!”

त्यानं तिथल्या तिथे ठरवलं की आपला तंबू त्या माणसापासून लांब ठोकायचा.

तळं उन्हानं आटून आत सरकलं होतं. काठचा चिखल वाळून तडकला होता आणि एरवी बुडालेल्या झाडांचे करडे बुंधे पाण्याबाहेर आले होते. एका बाजूला मात्र कातळ सरळ पाण्यात उतरला होता. तिथे पाणी काळं होतं, म्हणजे खोल. दुपारी तंबू ठोकून झाल्यावर तो डोंगराची सोंड चढून वर गेला, तेव्हा त्या कातळावर त्याला नारिंगी तंबू दिसला. आपल्या रोजच्या बाकावर दुसराच कुणी येऊन बसावा तसं त्याला वाटलं.

संध्याकाळी स्टोव्ह पेटेना. सॅकमध्ये बाटली गळून काड्या सादळल्या होत्या. तो खाटखुट करत असताना झाडीतून गवती टोपी घातलेला एक वयस्क माणूस आला आणि त्यानं लायटर पुढे केला.

“आवाज ऐकला. शेजारी म्हणायचं ना आपण?”

“हं.”

माणूस दगडावर टेकला. तो तराजू दुरुस्त करायचा. दुकानांचे, दवाखान्यांचे, सोनारांचे. “माझ्या हाताखालून गेलेला काटा कधी खोटं बोलला नाही,” तो म्हणाला. “आता सगळे आकडेवाले आलेत. बिघडले की टाकून देतात. तुम्ही काय करता?”

“पुस्तकं बांधतो.”

“अरेरे! म्हणजे तुमचंही आमच्यासारखंच की.” तो मोठ्यानं हसला. मग पाण्याकडे बघत बसला.

घरी कोण असतं, हे विचारायचं याच्या ओठांवर आलं होतं. पण विचारलं तर हा आणखी तासभर बसेल. हा नुसतं “हं” म्हणाला आणि स्टोव्हची वात वरखाली करत राहिला.

टोपीवाला समजला. गुडघ्यांवर हात देऊन उठला.

“लायटर,” यानं आठवण करून दिली.

“असू द्या तुमच्याकडे. मला नाही लागणार. बरं, जातो मी.”

शिवताना सुई नखाखाली जावी तसा तो शब्द त्याला टोचला. ‘येतो म्हणा,’ असं म्हणायला तो अर्धा उठलासुद्धा. पण अनोळखी, वयानं मोठ्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं काय सुधारायचं? काय म्हणेल तो? टोपी झाडांत दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच अर्धवट उभा राहिला आणि मग खाली बसला.

सकाळी लायटर परत द्यायचं निमित्त करून तो कातळावर गेला. तंबू बंद होता. कातळाच्या कडेला बुटांचा जोड होता, त्यात नीट घडी घातलेले मोजे आणि वर टोपी. वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपीवर दगड ठेवला होता. पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. हाक मारायची तर नावही विचारलं नव्हतं. “अहो! अहो, टोपीवाले!” तो ओरडला. मग पळत सुटला.

वनरक्षक चौकीबाहेर आरसा टांगून दाढी करत होता. “पोहायला गेले असतील हो,” तो म्हणाला.

“नाही. काल जाताना ते ‘जातो’ म्हणाले.”

“मग गेले असतील!” वनरक्षक हसला.

“अहो, ‘जातो’ म्हणाले! ‘येतो’ नाही म्हणाले!”

इतक्या मोठ्यानं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. वनरक्षकाचा वस्तरा गालावरच थांबला. त्यानं याच्याकडे नीट बघितलं, अर्ध्या चेहऱ्यावरचा फेस टॉवेलनं पुसला आणि होडीची साखळी सोडायला धावला.

टोपीवाला कातळाखालीच सापडला.

दुपार कलल्यावर त्याची बहीण आली. घरात होती तशीच, पायात घरातल्या सपाता. बघायचं ते बघून झालं होतं, सह्या झाल्या होत्या, गाडी पुढे गेली होती. वनरक्षकानं तिला बाकावर बसवून पाणी दिलं. बुटांतल्या मोज्यांची घडी त्यानं आधीच मोडून, चुरगाळून पिशवीत कोंबली होती.

“माझी आंघोळ चालली होती तेव्हा घरातून निघाला,” ती म्हणाली. “मला काही बोललाच नाही.” मग ती याच्याकडे वळली. “तुमच्याशी बोलला ना?”

“हो. तराजूंबद्दल बोलले. हसले.”

“हसला?” तिनं पदर मुठीत धरला. “आणि उठताना? उठताना काय म्हणाला?”

वनरक्षक जमिनीकडे बघत होता. यानं तिच्याकडे बघितलं.

“‘येतो’ म्हणाले.”

तिनं डोळे मिटले. मुठीतला पदर सोडून म्हणाली, “म्हणजे यायचं होतं त्याला.”

“हो.”

“मग पाय घसरला असणार. लहानपणापासून धांदरटच मेला.”

“कातळ ओला होता, ताई,” वनरक्षक एकदम म्हणाला. त्या उन्हात कातळावर थेंब नव्हता.

बाई गेल्यावर त्यानं सॅक उचलली. निरोप घ्यायला वनरक्षकाकडे वळला, तोंड उघडलं, पण दोन्हींपैकी एकही शब्द बाहेर येईना. त्यानं नुसती मान हलवली. वनरक्षकानंही.

घरी वहिनीनं दार उघडलं. “आलात! मग, बोललात की नाही कुणाशी?”

खिशातला लायटर त्यानं मुठीत घट्ट धरला.

“हं,” तो म्हणाला.