चार चुलींचा इनोके

माशाचा डोळा इनोकेच्या ओठांत होता आणि बोटं नारळाच्या दुधात बुडालेली होती, नेमकी तेव्हाच डोंगरातली मकेरेता स्वयंपाकाच्या खोपटाच्या दारात येऊन उभी राहिली. तिला विडी पेटवायला निखारा हवा होता. निखारा राहिला बाजूला.

"चोखतोय!" ती अशी ओरडली की खाडीपलीकडच्या कोंबड्या अंड्यांवरून उठल्या आणि त्या वर्षी तिकडे पिल्लंच झाली नाहीत. "बायांनो, धावा गं! हा खारट माणूस आमचा मासा चोखतोय!"

इनोकेने डोळा गिळला. तेवढाच वेळ त्याला मिळाला. बाकीचं डोकं हातातच राहिलं.

आमच्याकडचा नियम सोपा आहे. आम्ही किनाऱ्याचे, ते डोंगराचे. दोघे एका ठिकाणी जमले की मासा त्यांचा, डुक्कर आमचं. ते गावात असेपर्यंत आमच्यातल्या कुणी माशाचं शेपूटसुद्धा तोंडात घालायचं नाही, आणि त्यांनी डुकराला हात लावायचा नाही. जो चुकेल त्याला समोरचे देतील ती शिक्षा. शिक्षा थट्टेचीच असते, पण तिला नाही म्हणायची सोय नाही. माझ्या आज्याला एकदा आठवडाभर बायकांचा गवती परकर नेसून मिशनच्या देवळात भजनं म्हणावी लागली होती. सांगतात की तो त्यात शोभत होता, आणि आठवडा संपल्यावर परकर सोडायला तयार नव्हता.

पाच वर्षांचं पोरही या बाबतीत चुकत नाही. चुकला तो साठीचा इनोके, कारण एकतीस वर्षं तो राजधानीत, सुवाच्या एका मोठ्या इस्पितळात आचारी होता. तिथे रोज चार चुली पेटायच्या. आमच्या रोग्यांना अळकुड्या आणि मासा, हिंदुस्तान्यांना रोटी-डाळ, चिन्यांना शेवया, आणि गोऱ्यांना उकडलेला बटाटा नि मेंढी. चारी पातेली इनोकेची. गावात यायचा तो नाताळात आठ दिवस. आता कायमचा घरी आला, त्याला तिसरा दिवस होता.

त्याची बायको लितिया म्हणजे माझी बहीण. आमच्यात मोठ्या झालेल्या भावाबहिणीने एकमेकांशी समोरासमोर बोलायचं नसतं. त्यामुळे तिच्याबद्दल मी सांगतो ते एक तर बघितलेलं आहे, नाही तर कुडाच्या भिंतीतून ऐकलेलं. त्या दिवशी गावच्या सरदाराच्या वारलेल्या आईचं शंभराव्या दिवसाचं जेवण होतं आणि डोंगरातली चाळीस माणसं आली होती. लितियाने माशाचं डोकं पानाखाली झाकून ठेवलं होतं आणि नवऱ्याला बजावलं होतं, "पाहुणे जाऊ देत, मग खा."

दाजीला धीर धरवला नाही. एकतीस नाताळ तो त्या डोक्याची वाट बघायचा. आता तीन दिवस झाले होते आणि ते समोर होतं.

त्याला धरून सभेच्या घरात आणलं. यंगोना या मुळ्यांच्या पेयाचं लाकडी घमेलं मध्ये, त्याच्याभोवती चटयांवर सगळे. सरदाराने कपाळाला हात लावला. मकेरेता न्यायाधीशासारखी पाय दुमडून बसली.

"काय रे खारट्या, सुवाला काय काय रांधायचास?"

"सगळं. तुला दात असते म्हातारे, तर तुलाही वाढलं असतं."

"दात नाहीत तरी चावेन तुला. किती चुली म्हणालास?"

"चार."

"चार चुलींवरचं खाऊन खाऊन हा माजला, आणि पाचव्या चुलीवरचं चोरून खातो!" डोंगरवाले मांड्यांवर थापा मारत हसले. मकेरेताने हात वर केला. "ऐक शिक्षा. आता एकच चूल. तुला सगळ्यात आवडतं ते सांग. मरेपर्यंत तेवढंच खायचं. दुसऱ्या चुलीवरचा घास तोंडात गेला की तुझ्या गावाने आम्हाला दहा डुकरं द्यायची. ती आम्ही घरी नेऊन खाऊ, तुमच्या पुढ्यात नाही. आम्हाला रीत कळते!"

पुन्हा हशा. हसून हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हातारी तोंडाची तिखट असली तरी पोटात काटा नव्हता. दारात लितिया अळकुड्यांचं पातेलं घेऊन उभी होती आणि मकेरेता बोलता बोलता मुद्दाम तिच्याकडे बघत होती. उत्तर हवेत टांगलेलं होतं, फक्त हात वर करून काढायचं. बायकोच्या हातचं, असं म्हणायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि शिक्षा तिथेच विरघळायची. कुठल्याही गाढवाने तेच म्हटलं असतं.

पण इनोके विचार करायला लागला. तो आचारी होता ना. त्याला प्रश्न खरा वाटला.

"हिंदुस्तानी," तो म्हणाला. "रोटी, डाळ, वांग्याचं कालवण. खरं सांगायचं तर त्या चवीला तोड नाही." मग त्याने आणखी भर घातली. "आणि त्यात मासा नसतो. म्हणजे पुन्हा सापडायला नको!"

तो एकटाच हसला. थोड्या वेळाने बाकीचे हसले.

लितियाने पातेलं खाली ठेवलं. आपटलं नाही. झाकण नीट बसवलं आणि ती बाहेर गेली. सरदाराने तीन टाळ्या वाजवल्या, शिक्षा पक्की झाली.

दाजीला वाटलं, दोन दिवसांची गंमत. पण दहा डुकरं म्हणजे गावातली निम्मी. दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव त्याच्या तोंडावर पहारा करू लागलं. पोरं जवळ येऊन म्हणायची, "आजोबा, हा करा," आणि वास घ्यायची. प्रभुभोजनाच्या रविवारी मिशनवाल्या पाद्र्याला पेच पडला की पाव ही गोऱ्यांच्या चुलीवरची वस्तू, हा इनोकेला चालेल का? शेवटी त्याच्यापुरता रोटीचा तुकडा आला, आणि आमच्या देवाने तो हूं की चूं न करता चालवून घेतला. एकदा झाडावरून शहाळं थेट त्याच्या पुढ्यात पडून फुटलं. ते प्यावं का हे विचारायला दोन माणसं डोंगरात पाठवली. ती महिन्याने परत आली, चांगली जाड होऊन. निकाल असा होता की हिंदुस्तानी देवळात नारळ फोडतात, सबब पाणी चालेल, पण दूध काढायचं नाही. यंगोना हिंदुस्तानीही पितात, म्हणून तेवढा वाचला. नाही तर मी स्वतः डोंगरात गेलो असतो.

रोटी यायची नदीकाठच्या उसाच्या वस्तीतून. तिथे फुलमती नावाची विधवा राहायची. आठवड्याला दोन वेळा ती फडक्यात बांधून द्यायची. म्हणायची, "खा भय्या, तुमचे लोक वेडे आहेत." आमची बायकामंडळी यावरून लितियाला चिडवायची.

"काय गं, तुझा नवरा सवतीकडे जेवायला गेला वाटतं?"

"जाऊ दे," लितिया म्हणायची. "माझं एक ताट धुवायचं वाचलं."

आता शिक्षा मागे घ्यायची रीत आहे. चुकलेल्याच्या घरातल्या बाईने चटई विणायची, ती डोंगरात न्यायची, शिक्षा देणाऱ्यासमोर पसरायची आणि दोन शब्द बोलायचे. बस्स. समोरचा हसतो आणि सोडतो. चुकलेल्याने स्वतः मागायचं नसतं, आणि दुसऱ्या कुणी त्याच्यासाठी मागितलेलं चालत नाही.

लितिया चटया विणायची. बोटं झाडासारखी कडक झाली तरी विणायची. नऊ वर्षांत चौदा चटया झाल्या. सगळ्या दुसऱ्यांच्या लग्नांना गेल्या.

पहिल्याच वर्षी एका दुपारी मी त्यांच्या कुडाला टेकून जाळं शिवत होतो. आत तिने कालवण उतरवलं होतं. नारळाच्या दुधाचा तो वास भिंतीतून माझ्यापर्यंत आला, तर तीन हातांवर बसलेल्या माणसाचं काय झालं असेल!

"लितिया," दाजीचा आवाज आला. "एक घोट दे. नुसता रस्सा. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"दहा डुकरांसाठी?"

"डुकरांचं गाव बघून घेईल."

मग बराच वेळ फक्त तिच्या जेवण्याचा आवाज. ती सावकाश जेवायची.

चौथ्या वर्षी फुलमतीच्या उसाच्या जमिनीचा भाडेपट्टा संपला. ती पोराकडे ब्रिस्बेनला निघून गेली. जाताना इनोकेला तवा देऊन गेली. मग साठी उलटलेला माणूस घरामागे पत्र्याच्या आडोशाला उकिडवा बसून स्वतःच्या रोट्या भाजायचा. एकतीस वर्षं ज्याने हजार माणसांना वाढलं तो एकट्यासाठी मूठभर पीठ मळायचा आणि ते त्याला जमायचं नाही. हात मोठ्या मापाला सरावलेले. कधी चाळीस रोट्या व्हायच्या. उरलेल्या डुकरांना जायच्या. ती आमची दहा डुकरं त्या रोट्यांवर अशी माजली होती की चालताना त्यांची पोटं जमिनीला घासायची.

सात वर्षांनी रोट्यांच्या मैद्याने आपलं काम केलं. साखरेचा आजार, मग अंगठ्याला जखम, मग पाय गुडघ्याखालून गेला. ज्या इस्पितळात त्याने जन्म घालवला तिथेच कापला. तिथल्या नव्या आचाऱ्याने विचारलं, "बाबा, तुम्हाला कुठल्या चुलीवरचं?" तेव्हा दाजी भिंतीकडे तोंड करून झोपला. हे मला परिचारिकेने सांगितलं.

घरी आणला तेव्हा मूत्रपिंडंही बसत चालली होती. रोटी गिळवेना. नवव्या वर्षी पावसाळ्याआधी एका सकाळी लितियाने पंधरावी चटई पुरी केली. कडेला रंगीत लोकर लावली, जशी लग्नाच्या चटईला लावतात. गुंडाळी खांद्यावर घेतली आणि कुणाला काही न सांगता उसाच्या गाडीत बसून डोंगराकडे गेली.

गावाने सुस्कारा टाकला. मीही टाकला.

तिसऱ्या दिवशी मकेरेता आली. ऐंशीच्या घरातली, दोन नातवांनी हातांच्या पाळण्यात बसवून आणलेली. आत आली तीच ओरडत.

"कुठाय तो खारट? अर्धा पाय कुणाला खाऊ घातलास रे?"

दाजी हसला. त्याच्या तोंडाची नुसती कातडी उरली होती. "तुझ्या डोंगरात पाठवलाय. मऊ आहे. तुला दात लागायचे नाहीत."

म्हातारीने त्याचा हात धरला. मग दोन्ही तळवे खोलगट करून तीन टाळ्या वाजवल्या. "सुटलास. खा काय खायचंय ते. मला काय माहीत होतं, तू इतका गाढव आहेस!"

लितिया तोवर पाण्यात उतरली होती. साठीची बाई, कमरेइतक्या पाण्यात, बायकांचं जाळं घेऊन. भरती चढायच्या आत तिने एक मासा आणला, तळव्याएवढा, लालसर. स्वतः साफ केला. स्वतः नारळ खवला, दोनदा पिळला. आम्ही सगळे घरात बसलो होतो. चूल नीट दिसत होती. मी माझ्या बहिणीचे हात नऊ वर्षांनी नवऱ्यासाठी चालताना बघितले, आणि मला तिला काहीतरी म्हणायचं होतं. काय ते विचारू नका, म्हणता येत नव्हतंच.

तिने वाटी आणली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काटे काढून माशाचा मऊ तुकडा दुधात बुडवला आणि बोटांनी त्याच्या तोंडात ठेवला.

इनोकेने डोळे मिटले. त्याने तो घास इतका वेळ तोंडात फिरवला की मकेरेताने उगाच घसा खाकरला. मग तो गिळला गेला. एकतीस वर्षं रोज चार पातेल्यांत चमचा घालून झाल्यावर जे तोंडातून निघायचं, तेच निघालं.

"दूध उकळलंय," तो म्हणाला. "शेवटी घालायला हवं होतं, खाली उतरवल्यावर."

लितियाची बोटं दुसऱ्या घासासाठी वाटीत होती. ती तिथेच थांबली.

"असं?" ती म्हणाली.

"थोडं फुटलंय. थोडंच." डोळे मिटलेलेच होते. त्याला अजून चव येत होती. "पुढच्या वेळी—"

तिने त्याचं डोकं मांडीवरून उचलून उशीवर ठेवलं. हळूच, नीट. वाटी घेऊन उठली आणि मकेरेतापुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी वाटी पुढे केली.

"आजी, तुम्ही आमच्या घरात आहात. मासा तुमचा."

मकेरेताने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा चटईवरच्या माणसाकडे. पाहुणीला वाढलेलं नाकारता येत नाही. तिने वाटी घेतली आणि मान खाली घालून खाऊ लागली. बिनदातांच्या तोंडाने चोखायला वेळ लागतो. डोकं, कल्ले, मग पाठीचा काटा. घरात तेवढाच आवाज होता. इनोकेने डोळे उघडले होते आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

त्याच्या खालच्या ओठावर दुधाचा एक थेंब राहिला होता. जीभ बाहेर आली, त्याच्याकडे वळली. लितियाने कमरेला गुंडाळलेल्या सुलूचं टोक धरलं आणि त्याचे ओठ पुसले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कोरडे होईपर्यंत.