मळका डगला

नोएमीच्या शेजारी वर्गात कुणी बसत नसे. म्हणे हिच्या अंगाला कबुतरांच्या शिटेचा वास येतो. येत होताच की! आई दिवसभर कारखान्यात, म्हणून शाळा सुटली की पोरगी थेट शेजारच्या मस्यू फ्लिपोंच्या कबुतरांच्या ढाबळीत शिरायची. म्हातारा जन्मभर कोळशाच्या खाणीत राबलेला, तोंडाचा फटकळ, पण तिला पाच मिनिटं उशीर झाला तर फाटकात येऊन उभा.

तिथल्या एका लंगड्या कबुतरीला नोएमीनेच दाणे भरवून जगवलं होतं.

"रविवारच्या शर्यतीत पहिल्या दहात आली तर ठीक," फ्लिपो म्हणाले, "नाहीतर मटार घालून शिजवीन. फुकट खाणारी तोंडं नकोत मला."

"तुमच्या घशाखाली उतरेल का, मस्यू?"

"गप गं, भवाने!"

रविवारी सगळी गल्ली कुंपणाशी जमली, वर्गातल्या मुलीसुद्धा. म्हणून नोएमी पांढराशुभ्र नवा फ्रॉक घालून आली. आणि काय सांगावं, दूर ओर्लेआँहून सुटलेली लंगडी गल्लीत सगळ्यांच्या आधी आली! पण कौलांवरच बसली. आत येऊन पायातली रबरी कडी काढून वेळ नोंदवायच्या घड्याळाच्या पेटीत टाकेपर्यंत कबुतर पोचलं असं कुणी धरत नाही.

"ये गं, ये ना!" नोएमीने दाण्यांचा डबा खुळखुळवला. लंगडी मान वाकडी करून बघत राहिली. तेवढ्यात पलीकडच्या ढाबळीत एक कबुतर उतरलं. मग दुसरं.

फ्लिपोंनी कपाळावर हात मारला. "अगं खुळे, हे काय ध्यान करून आलीस? तिने ओळखलंच नाही तुला!"

ढाबळीत जायचं तर रोज तोच डगला घालायचा, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. नोएमीचा डगला खिळ्याला होता, शिटेने कडक झालेला. कुंपणाशी वर्गातली क्लोतिल्द नाक दाबून हसत होती. पण नोएमीने डगला फ्रॉकवरून चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

"शी!" क्लोतिल्द म्हणाली.

"शी तर शी!" नोएमीने डबा वाजवला.

लंगडी भर्रकन आत आली.

संध्याकाळी कॅफेत निकाल वाचला गेला. "तिसरी, मस्यू फ्लिपोंची."

"चूक!" म्हातारा ताडकन उठला. "ढाबळ माझी. कबुतरी नोएमी देलात्रची. तेच नाव लिहा."

"पोराटोरांची नावं लिहीत नाही आम्ही."

"मग माझंही खोडा. चाळीस वर्षांचं सगळं खोडा!"

लिहिणाऱ्याने निकालाच्या फळ्यावरचं त्यांचं नाव पुसलं आणि नोएमीचं लिहिलं. क्लोतिल्द बापाशेजारी बसून ते वाचत होती. नोएमी छाती काढून फळ्याखाली उभी राहिली. डगला तिने अजून काढला नव्हता.