करीचा पहिला घास

पाकिटातल्या मसाल्यावर माझा राग फार जुना. दुधाची तहान ताकावर भागवायचा तो प्रकार, असं मी चारचौघांत बोलायची. माझ्या ओट्याखाली पाटा आहे, वरवंटा आहे, आणि देवाच्या दयेनं हातपायही चालतात. त्यामुळे माझ्या अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला आलेली मोतीरामची दुसरी बायको रोज संध्याकाळी कात्रीनं पाकिटं कापते, हे मला दिसायचं तेव्हा नाकाला मिरच्या झोंबायच्याच.

मोतीराम एसटीत ड्रायव्हर. अमरावती-धारणी गाडी त्याच्याकडे. पहिली बायको देवकी काविळीनं गेली तेव्हा वेणू आठ वर्षांची होती. बापाची गाडी घाटात आणि पोर माझ्या ओसरीवर, असे दोन वर्षं दिवस गेले. वेणू माझ्याकडेच जेवायची, माझ्याकडेच अभ्यास करायची. एकट्या बाईला ताटासमोर कुणीतरी लागतं. मला ते गोड लागलं होतं.

मग त्या उन्हाळ्यात मोतीरामनं शकुनशी पाट लावला. शकुन दर्यापूरकडची. तिचा पहिला नवरा त्याच वर्षांत गेला होता, ज्या वर्षांत कर्जापायी शेतकरी जीव देत होते आणि आमच्याकडे सकाळी पेपर उघडायचाही धीर होत नव्हता. कसा गेला ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमच्या भागात तेव्हा हे विचारायची गरजही पडायची नाही.

शकुन एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. सील नीट न बसलेली पाकिटं बायकांना स्वस्तात मिळत. चिकन मसाला, आलं-लसणाच्या पेस्टची पाऊचं, खोबऱ्याचा कीस, सगळं तिच्या फळीवर रांगेनं लावलेलं असायचं. सहा वाजता घरी यायची ती अंगाला मिरचीचा वास घेऊन. शिंकतच पदर खोचायची आणि मी भाकरीचं पीठ मळून होईपर्यंत तिचा स्वयंपाक तयार असायचा. एवढं करून वेणू तिच्या हातचं खायची नाही. ताटाशी बसायची, चार घास चिवडायची आणि अंगण ओलांडून माझ्याकडे यायची. शकुनला ती हाकच मारत नव्हती. मावशी म्हण, असं बापानं सांगून पाहिलं. पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच.

शकुन कधी रागावली नाही. तिची एक सवय मात्र मला चमत्कारिक वाटायची. सकाळी डबा भरायच्या आधी ती भाकरीचा तुकडा आणि त्यावर बोटभर ठेचा, असं मागच्या भिंतीवर ठेवून यायची. मी म्हटलं, असेल बाईला कावळ्यांची हौस.

पोळा आला. त्या वर्षी तोरणाखाली बैल थोडे होते आणि पाटावर मांडलेले मातीचे बैल जास्त. दुसऱ्या दिवशी कर. अख्खा श्रावण पाळल्यावर आमच्याकडे करीला ज्याच्या घरी रस्सा नाही तो माणूस गावात नाही असं समजावं. मोतीरामच्या घरात करीची आमच्या भागातली आणखी एक रीत होती. रस्सा झाला की घरातल्या गेलेल्या माणसाचा पहिला घास काढायचा, त्याचं नाव घ्यायचं, आणि मगच घरच्यांनी जेवायचं. देवकी होती तेव्हा ती सासूचा घास काढायची. ती गेल्यावर दोन्ही वर्षं तिचा घास वेणूनं माझ्या चुलीवरच्या रश्श्यातून काढला.

या वर्षी शकुननं आदल्या रात्री मला येऊन सांगितलं की, वेणूच्या आईचा घास तिच्या घरातूनच निघाला पाहिजे. हे सांगताना ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. कारखान्याला करीची सुटी नव्हती, तरी ती म्हणाली की होईल, मी करीन. माझ्या मनात आलं, घासासाठीसुद्धा पाकीट? पण तिचा चेहरा पाहून मी गिळून टाकलं. पोरीनं त्या दिवशी तिच्या घरात पोटभर जेवावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

करीच्या संध्याकाळी ती आली ती एका हातात मुनव्वरच्या दुकानातून कापून आणलेली कोंबडी आणि दुसऱ्या हातात पावाची लादी घेऊन. करीला पाव! मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसले होते, म्हणजे निवडायचं नाव. तिची चूल समोर दिसते. कुकरमध्ये तेल, त्यात कांदा, त्यावर पेस्टचं पाऊच पिळलं. खोबऱ्याचा कीस हातानंच चुरून टाकला. मसाला वाटीभर पाण्यात कालवून ओतला, थोडं मीठ टाकलं आणि कोंबडी परतून झाकण लावलं. दोन शिट्ट्या झाल्या. वेणू उंबऱ्यावर बसून सगळं बघत होती. वास, खोटं का बोलू, चांगला सुटला होता.

झाकण उघडलं आणि शकुननं पळीनं चार थेंब तळहातावर घेतले आणि चाटले.

वेणू ताडकन उठली. "चाखलं तुनं. मायच्या पयले चाखलं."

शकुननं पळी खाली ठेवली. घासाचं अन्न चाखायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण तिची अडचण वेगळीच होती. ती दिवसभर तीच पाकिटं भरायची, त्यामुळे मसाल्यात मीठ आधीच घातलेलं असतं हे तिला पक्कं माहीत. वरून किती घालायचं हा अंदाज तिला चाखल्याशिवाय येत नसे. माझ्यासारख्या पाट्यावर वाटणारीला ही पंचाईत कधी पडलीच नाही. मीठ माझं, हातही माझा.

वेणू रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. ती चप्पल घालून माझ्याकडे निघाली. मी उठले. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू होणारच होता. गेलेल्या माणसाला काय कळतंय चाखलेलं आणि न चाखलेलं, जिवंत बाई दिवसभर राबून आली ते दिसत नाही का तुला, एवढं सगळं ओठांपर्यंत आलं होतं. शकुननं नुसता हात वर केला आणि मला थांबवलं.

"तिचं बरोबर आहे, काकू," ती म्हणाली. "पयला घास उष्टा कसा द्याचा? मी दुसरं करतो."

मग ती वेणूकडे वळली. तिच्याजवळ गेली नाही, हात लावला नाही. तिथूनच म्हणाली की तू दोन कांदे सोलून ठेव, मी येतेच. आणि पिशवी घेऊन निघून गेली.

वेणू अंगणाच्या मध्यात उभी राहिली. इकडे यावं की तिकडे जावं, तिला कळेना. मी मान खाली घालून तांदूळ निवडू लागले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या पोरीला मी ये म्हटलं नाही, आणि ते न म्हणणं मला जड गेलं. थोड्या वेळानं ती परत फिरली. टोपलीतून कांदे काढल्याचा आवाज आला.

करीच्या दिवशी त्या वेळेला मुनव्वरच्या दुकानात काय उरणार? माना, पाठी आणि एक तंगडी, एवढंच घेऊन शकुन परतली. आधीचा कुकर तिनं माझ्या ओट्यावर आणून ठेवला आणि धाकटा कुकर घासून घेतला. मी म्हटलं, बाई, मी मसाला वाटून देते, पाटा रिकामा आहे. तिनं मान हलवली. तेवढा वेळ पोरीची भूक थांबणार नाही, असं म्हणाली.

यावेळी दोघी चुलीपाशी होत्या. शकुननं पाकीट वेणूच्या हातात दिलं. वेणूनं ते कात्रीनं कापलं, मसाला कालवला आणि विचारलं की मीठ किती.

"पाकिटात असते न थोडं. वरून नाही टाकत. आज जसं होईन तसं."

"अळणी झालं तं?"

"तं अळणी खाऊ."

तेवढ्यात मोतीराम आला. खाकी शर्टावर धारणीची धूळ. बायको आणि लेक एका कुकरवर वाकलेल्या बघून तो दारातच थबकला. मग मोरीकडे जाऊन हातपाय धुवू लागला, आणि बराच वेळ धूतच राहिला.

शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं, पण या वेळी कुणी पळीला बोट लावलं नाही. मलाही बोलावलं होतं, म्हणून मीही जाऊन भिंतीला टेकून बसले. वेणूनं पितळी ताटली घेतली, पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला, त्यावर तंगडीचं थोडं मांस ठेवलं आणि डोळे मिटून म्हणाली, "देवकी." आईचं नाव ती एखादी मोठी बाई असल्यासारखं घ्यायची.

मला वाटलं झालं, आता जेवायचं. मोतीरामनं ताट पुढे ओढलं. पण वेणू ताटली सोडेना. तिनं दुसरा पाव तोडला, बुडवला आणि तो हातात धरून शकुनकडे पाहिलं.

"तू रोज सकायी भितीवर ठेवून येतं, ते कोणाचं आहे?"

मी इतके महिने कावळ्यांची हौस म्हणून हसत होते, आणि ही दहा वर्षांची पोर उंबऱ्यावर बसून सगळं पाहत होती. गेलेल्या बायकोचा घास दुसरीनं काढायचा, ही रीत आम्हाला सगळ्यांना पाठ. पण पाट लावून आलेल्या बाईच्या पहिल्या नवऱ्याचा घास कुणी काढायचा, हे आमच्या रीतीत कुठंच नाही. त्याचं नाव नव्या घरात घ्यायचं नाही, एवढंच तिला माहेरच्यांनी निघताना शिकवलं असणार.

"भितीवर काहून देतं?" वेणू म्हणाली. "घरात दे न. नाव काय होतं त्यायचं?"

शकुननं मोतीरामकडे पाहिलं. त्या पाहण्यात भीती होती. मोतीराम साधा माणूस. त्याला बोलता येत नाही, गाडी चालवता येते. त्यानं ताट मागे सरकवलं.

"सांग न तिले," तो म्हणाला. "घासाले नाव लागते."

तिनं संसारात असताना कधी नवऱ्याचं नाव घेतलं नसणार. आमच्याकडच्या बायका घेतच नाहीत. तो गेल्यावर तर कोण विचारतं? सरकारी माणसांनी विचारलं असेल, तेवढंच. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"सहदेव."

"सहदेव," वेणू डोळे मिटून म्हणाली आणि तो घास तिनं आईच्या घासाशेजारी ठेवला. जरा विचार करून उठली, फळीवरून ठेच्याची वाटी काढली आणि बोटभर ठेचा त्यावर लावला.

शकुन रडली. पदर तोंडात धरून, अंग हलवून, मनसोक्त रडली. मोतीराम खाली बघत बसला. मीही डोळे पुसले, त्यात लपवण्यासारखं काय आहे? वेणूनं चौघांची ताटं वाढली आणि शकुनचं ताट तिच्या गुडघ्यापाशी सरकवलं.

"जेव मावशी. थंडं होऊन राहिलं."

रस्सा अळणी झाला होता. मीठ कुणी मागितलं नाही. वेणूनं तीन पाव खाल्ले आणि माना चोखून चोखून संपवल्या. त्या रात्री ती अंगण ओलांडून माझ्याकडे आली नाही. माझ्या ओट्यावरच्या कुकरातला पहिला रस्सा मी एकटीनं दोन दिवस पुरवून खाल्ला. मीठ अगदी बेताचं होतं, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या भिंतीवर कावळे येऊन बसले. वाट पाहिली, आरडाओरडा केला आणि उडून गेले. पलीकडच्या खोलीत चुलीजवळ ताटलीत भाकरीचा तुकडा आणि ठेचा मांडलेला होता, आणि शकुन डबा भरत होती.