चादरीचं दुसरं टोक

डबल बेडच्या चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. कुणी म्हणत असेल येते, तर ती घडी मला आणून दाखवा. दोन टोकं मी धरायची, दोन धाकटीने; ताणायची, अर्धी करायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत आम्ही दोघी जावा अकरा वर्षं दिवसभर अशा समोरासमोर यायचो.

मग वर रिसेप्शनच्या काउंटरवर एक जागा निघाली, आणि तळघरातल्यांनाही अर्ज करू दिला. मॅनेजरबाई म्हणाल्या, “फोनवर प्रत्येक खोलीला ‘नाइस’ म्हणणारी बाई मला नको. एका गोष्टीला चार शब्द यायला हवेत.” त्यांनी इंग्रजी विशेषणांची आठ पानं दिली. प्रत्येक विशेषणापुढे त्याच अर्थाचे आणखी शब्द. संच एकच होता. मी मोठी, म्हणून माझ्याकडे राहिला.

अभ्यास चादरीवरच व्हायचा. मी म्हणायची, “बिग.” धाकटी पलीकडून झटका द्यायची, “ह्यूज.” पुढच्या घडीला मी “लार्ज”, ती “एनॉर्मस”. जिला शब्द सुचला नाही तिने गठ्ठा उचलून मांडणीवर ठेवायचा. गठ्ठे बहुतेक मीच वाहिले. धाकटीचं डोकं तल्लख, आणि तोंड त्याहून. “जाऊबाई, ‘ब्यूटिफुल’ला आणखी एक शब्द विचारला, तर तुम्ही ‘बिग’ म्हणालात? आरशात बघत होतात वाटतं!”

मी हसायची, पण मनातून जळायची. मी सेहेचाळीस वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. ती तिशीसुद्धा न गाठलेली. तिला पुढे पन्नास संधी मिळतील, मला हीच. असं स्वतःला समजावलं आणि मी शेवटचं पान काढून पर्समध्ये लपवलं. “बाईंनी सातच पानं दिलीत,” मी म्हणाले. तिने मान डोलावली. मी घरी बाथरूमचं दार लावून आठवं पान घोकत बसायची. सिरीन म्हणजे शांत, कोझी म्हणजे उबदार, क्वेन्ट म्हणजे जुन्या वळणाचं. चोरच मी, दुसरं काय.

तीन आठवड्यांनी धाकटीला ताप आला. पाचव्या दिवशी ती गेली.

मुलाखत महिनाभर पुढे ढकलली. मी कामावर परतले आणि चादरीचं दुसरं टोक भिंतीतल्या हुकांना अडकवायला लागले. सकाळची वेळ होती, ड्रायर घरघरत होते, पलीकडे दोघी-तिघी इस्त्री करत होत्या. सवयीने माझ्या तोंडून निघालं, “बिग.” आणि पलीकडून झटका आला. चादर ताणली गेली. कानांनी काही ऐकलं नाही, खोटं कशाला बोलू? पण ‘ह्यूज’ तिच्याच आवाजात माझ्या डोक्यात येऊन बसलं.

पंख्याचा वारा असेल म्हणून मी पंखा बंद केला. हूक बदलले. तरी शब्दामागे झटका येतच राहिला.

“कुणाशी बोलताय हो?” इस्त्रीवालीने विचारलं.

“अभ्यास चाललाय,” मी म्हणाले.

भीती वाटायची. झटक्याला उशीर झाला की त्याहून जास्त वाटायची. मग एक दिवस वाटलं, हिला हरवावं म्हणजे हे थांबेल. आठव्या पानावरचं तिला काय ठाऊक असणार? मी चादर धरली आणि म्हणाले, “सिरीन.”

चादर ढिलीच राहिली. मी श्वास सोडला. तेवढ्यात असा हिसका बसला की टोकं हातातून निसटली. “ट्रँक्विल.” शेवट लांबवून, धाकटी लांबवायची तसं.

तिला पान माहीत होतं, म्हणजे माझी लबाडीही माहीत होती. त्यानंतर तर ती हटूनच बसली. मी ‘बिग’ म्हटलं, ‘स्मॉल’ म्हटलं, तरी चादर हलायची नाही. आठव्या पानावरचा शब्द घेतला की झटका. रोज तेच, एकेक शब्द दहा-दहा वेळा. सूड उगवतेय, मला वाटायचं. माझं जेवण तुटलं, साडी ढगळ व्हायला लागली. पान मात्र असं पाठ झालं की विचारू नका.

मुलाखतीत मॅनेजरबाईंनी वर्णन करायला एक खोली दिली: कोपऱ्यातली, लहानशी, मागे बाग, आवाज अजिबात नाही. “गिऱ्हाइकाला कशी सांगाल?” मी न अडखळता बोलत गेले. एकही शब्द दोनदा आला नाही.

बाई हसल्या. “म्हणजे आठवं पान पोचलं तर तुमच्याकडे.”

“पोचलं म्हणजे?” मी विचारलं.

“तुमची जाऊ आली होती, आजारी पडायच्या आदल्या दिवशी. म्हणाली, सातव्या पानाखाली ‘आठपैकी सात’ छापलंय. जाऊबाईंकडून शेवटचं पान हरवलं असणार, आणि त्या बिचाऱ्या लाजेने सांगत नाहीत. दुसरी प्रत घेऊन गेली. स्वतःचं नाव खोडायला लावलं. मी म्हटलं, अगं, तू का मागे हटतेस? तर म्हणाली, त्यांचे गुडघे दुखतात. उद्यापासून मी त्यांची तयारी करून घेते, आठव्या पानापासूनच.”

इतके दिवस मी तिला काय समजत होते, आणि ती काय करत होती!

“बाई,” मी म्हणाले, “ते पान हरवलं नव्हतं.”

“मग?”

त्यांनी पेनचं टोपण काढलं होतं. समोर माझा अर्ज होता, सहीची जागा रिकामी.

“मग काय झालं होतं?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“घरीच राहिलं होतं,” मी म्हणाले. “नंतर सापडलं.”

त्यांनी सही केली आणि सोमवारपासून वर यायला सांगितलं. मी हो म्हटलं. त्या दिवशी अर्धी पाळी उरली होती, पण तब्येतीचं निमित्त सांगून मी तळघरात न उतरता परस्पर घरी निघून गेले. धाकटीची भीती आता वाटत नव्हती. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती.